माश्या मारत बसलेले बाबा आणि तीर्थन नदी

'रिटायर झालात म्हणून माश्या मारत बसू नका,' असं आईनं बाबांना बजावलं होतं. बाबांनी ते शब्दशः पाळलं. मारायच्या ऐवजी ते माश्या बनवायला लागले.

फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ किंवा पिठाची गोळी लावत नाहीत. पिसं, दोरा, लोकर, बारीक तार असं काहीबाही गुंडाळून त्या इवल्याशा गळालाच किड्याचं रूप द्यायचं आणि माशाला फसवायचं. बाबांनी उभ्या आयुष्यात कधी मासा पकडलेला नाही. इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवलं आणि फावल्या वेळात गल्लीतल्या सगळ्यांची घड्याळं दुरुस्त केली. कधीतरी फोनवर माशी बांधायचा व्हिडिओ समोर आला आणि हातातला चिमटा, डोळ्याला लावायचं भिंग, सगळी हत्यारं घरात आयती असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. गळ ऑनलाइन आले. कोंबड्याची पिसं चिकनवाल्याकडून आली (तो अजूनही बाबांकडे जरा संशयानं बघतो). बागेत गळून पडलेलं मोरपीस मिळालं. सोनेरी तारेवर मात्र घोडं अडलं. मग आईची एक जुनी, विरलेली महेश्वरी साडी निघाली. 'किनारीतली जर घ्या, पण एक वीत. त्यापुढे कात्री गेली तर बघा,' ही आईची अट.

तीन वर्षांत एकेचाळीस माश्या झाल्या. घड्याळाच्या सुट्या भागांसाठी असतात त्या काचेच्या झाकणाच्या गोल डब्यांत त्या ओळीनं मांडलेल्या. पाहुणे आले की डब्या बाहेर यायच्या. एकाही माशीनं पाणी मात्र पाहिलेलं नव्हतं. बाबा यंदा एकाहत्तर पूर्ण झाले, तेव्हा मी हिमाचलात तीर्थन खोऱ्यातल्या एका होमस्टेमध्ये गाइडसकट चार दिवस बुक करून टाकले. आई गुडघ्यांमुळे आली नाही. शिवाय तिचं म्हणणं, 'मासे बघायचे तर महेश्वरला चला. घाटावर बसा, पिठाच्या गोळ्या टाका. मासे आपण होऊन येतात.'

पहिले दोन दिवस : इंदूर, अंबाला, औट

मालवा एक्स्प्रेस इंदूरहून दुपारी निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाल्याला सोडते. सोबत दशम्या, लसणाची चटणी, किलोभर सेव आणि जिरावणाची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्याची पुडी. इंदूरकर घराबाहेर पडताना एक वेळ आधार कार्ड विसरेल, जिरावण विसरणार नाही. ही पुडी पुढे कामाला आली, म्हणून मुद्दाम सांगून ठेवते.

अंबाल्याहून टॅक्सी. बिलासपूर, मंडी, मग बियासच्या काठाकाठानं पंडोह. तीर्थनला जायचं तर औटचा बोगदा सुरू व्हायच्या आधीच वळायचं असतं. आमचा ड्रायव्हर बाबांशी डिझेल इंजिनावर बोलण्यात इतका रंगला की आम्ही सरळ बोगद्यात. आत वळायला जागा नाही. जवळजवळ तीन किलोमीटर अंधारातून पलीकडे निघालो, वळलो, पुन्हा तेवढाच अंधार. बाबा म्हणाले, 'बोगदा बघायचाच होता.' मला त्यांचा हा स्वभाव कधीकधी फार आवडतो आणि कधीकधी अजिबात नाही.

लारजीला सैंज आणि तीर्थन येऊन बियासला मिळतात. तिथून बंजार आणि पुढे गुशैणी. बियास राखाडी दिसत होती, तीर्थन मात्र काचेच्या जुन्या बाटलीसारखी हिरवट. पुलावर गाडी थांबवून खाली बघितलं तर तळातला दगडन् दगड दिसत होता. आदल्याच दिवशी इंदूरला पारा चाळिशीत सोडून आलो होतो आणि इथे मी गाडीतून उतरल्या उतरल्या स्वेटर शोधत होते.

जाणाऱ्यांसाठी : रोख पैसे बंजारलाच काढून घ्या. रॉड, रीळ, वेडर म्हणजे छातीपर्यंत येणारी रबरी विजार, हे सगळं गाइडकडे मिळतं. पहिल्या खेपेला विकत घेऊ नका. बूट मात्र आधी मापून घ्या. त्याचं कारण पुढे येईलच.

तिसरा दिवस : दहा वाजून दहा मिनिटं

सकाळी गाइड आला. पंचविशीतला मुलगा, कानटोपी, अंगात माझ्या भाच्यासारखा ढगळ जॅकेट. बाबांनी आयुष्यभर या वयाच्या पोरांना वर्गाबाहेर काढलेलं. पण त्यानं पहिल्यांदा रॉड हलवून दाखवला, दोरीचा लांब वळसा हवेत मागे उलगडला, पुढे आला आणि गवतावर ठेवलेल्या ताटलीत अलगद टेकला. बाबा म्हणाले, 'सर, एक बार और।' तेव्हापासून तो 'सर'. तो बाबांना 'बाऊजी' म्हणायचा आणि दर वेळी 'सर' ऐकून लाजायचा.

पहिला दिवस पाण्यात उतरायचंच नाही, कुरणात सराव. साध्या गळात शिशाचं वजन असतं, ते दोरीला ओढत नेतं. इथे माशीला वजनच नाही. वजन असतं दोरीला, आणि दोरी माशीला घेऊन जाते. त्यामुळे जोर लावून काही होत नाही. रॉड पुढे आणायच्या आधी मागची दोरी पूर्ण उलगडेपर्यंत थांबावं लागतं. थांबला नाहीत तर चाबकासारखा आवाज येतो आणि माशी तुटून जाते. माझे पहिल्या तासात असे चार आवाज झाले.

सरांनी हवेत घड्याळाची तबकडी काढली. रॉड मागे दोनवर थांबवायचा, पुढे दहावर. बाबा एकदम खूश. 'दस बजकर दस मिनट! जाहिरातीतलं प्रत्येक घड्याळ हीच वेळ दाखवतं, का माहीत आहे?' मग काटे असे ठेवले की कंपनीचं नाव कसं झाकलं जात नाही, यावर पाच मिनिटांचं व्याख्यान झालं. सरांनी ते हात बांधून ऐकलं आणि म्हणाले, 'बाऊजी, आपका तो चार बज रहा है।'

खरंच बाबांचं मनगट मागे पार वाकत होतं. समजत सगळं होतं, मनगटाला ते पोचत नव्हतं. शेवटी सरांनी रॉडचं बूड बाबांच्या स्वेटरच्या बाहीत खोचलं. आता मनगट वाकवायचं म्हटलं तरी वाकेना. पंधरा मिनिटांनी दोरी सरळ जायला लागली. बाबांनी बाहीतून रॉड काढला आणि पुन्हा चार वाजले. संध्याकाळपर्यंत ते बाहीतच रॉड खोचून वावरत होते. चहासुद्धा डाव्या हातानं प्यायले.

रात्री सिड्डू. आंबवलेल्या कणकेचे वाफवलेले जाड गोळे, आत अक्रोडाचं सारण, वरून तुपाची धार. तुपात हात आखडता घेतला तर सिड्डू घशाखाली उतरत नाही. घरच्या काकूंनी तो घेतला नाही.

चौथा दिवस : नदी

आधी लायसन्स. ते मत्स्य विभागाकडून रीतसर घ्यावं लागतं, आमचं सरांनी काढून ठेवलं होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासे अंडी घालतात, तेव्हा ट्राउटची, म्हणजे इथल्या थंड पाण्यातल्या माशाची, मासेमारी पूर्ण बंद. 1 मार्चला उघडते. मार्च-एप्रिल आणि पावसानंतरचा सप्टेंबर-ऑक्टोबर हे चांगले दिवस. मे-जूनमध्ये बर्फ वितळून पाणी चढतं. वर ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान आहे (2014 पासून जागतिक वारशात), त्याच्या हद्दीत मासेमारी नाही.

पाण्यात पाय टाकला आणि वेडरच्या आतूनही थंडी पोटऱ्यांना चावली. सरांनी रॉड हातात दिलाच नाही. आधी गुडघाभर पाण्यात वाकून एक दगड उचलला आणि उलटा केला. खालच्या बाजूला नखाएवढे चपटे किडे सैरावैरा पळत होते, शेपटाला तीन केस. बाजूला वाळूच्या कणांची एक बारीक नळी चिकटलेली. सरांनी ती हलकेच दाबली तर एका टोकातून काळं डोकं बाहेर आलं. कॅडिस नावाच्या किड्याची अळी, आपल्या तोंडातल्या रेशमानं वाळूचे कण जोडून घर बांधते. बाबांनी खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि नदीच्या मधोमध उभं राहून दहा मिनिटं तो दगड बघत राहिले. मग स्वतःची डबी काढून माशी शेजारी धरली. 'मी पोट जाड केलं,' एवढंच म्हणाले. तीन वर्षांच्या मेहनतीवर त्यांचा हा एकच शेरा.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून दगडाच्या आडोशाला उभा असतो आणि वरून वाहत येणारं खाणं टिपतो. म्हणून आपण खालच्या अंगानं, त्याच्या पाठीमागून जायचं. बाबा मला हळूच म्हणाले, 'कॉपी पकडायला आम्ही वर्गात असेच शिरायचो.'

शिरले कसले. तिसऱ्या पावलाला शेवाळलेल्या दगडावरून बूट सरकला. मापापेक्षा एक नंबर मोठा दिला होता. बाबा कमरेपर्यंत पाण्यात बसले. सरांनी काखेत हात घालून उचललं, मला काही कळायच्या आत. त्या क्षणी माझ्या पोटात जो गोळा आला, तो रात्रीपर्यंत उतरला नाही. बाबांनी आधी खिसा चाचपून भिंग आहे ना ते बघितलं. त्यानंतर बूट बदलले, हातात काठी आली आणि सर त्यांच्या डाव्या हाताला चिकटून चालायला लागले. वयस्कर माणसाला नेत असाल तर दोन जणांत एक गाइड पुरत नाही. आम्हाला मी काठावर थांबून भागवावं लागलं. दुसऱ्या गाइडचे पैसे मोजायला हवे होते.

पहिला मासा मला लागला, तोही चुकून. मी दोरी गोळा करत होते, लक्ष बाबांकडे, आणि रॉडचं टोक एकदम खाली गेलं. सर ओरडले, 'ऊपर! रॉड ऊपर!' पुढचं अर्धं मिनिट काय केलं ते आठवत नाही. जाळीत बघितलं तर वीतभर लांबीचा ब्राऊन ट्राउट. लोण्यासारखं पिवळसर पोट, बाजूला लाल ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं, कोणी बसून रंगवल्यासारखं. हात आधी पाण्यात भिजवायचा आणि मगच त्याला धरायचं. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि मग सोडलेला मासाही दगावू शकतो. गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळे चिमट्यानं तो क्षणात सुटला. मी त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरलं. दोनदा कल्ले हलले आणि हात रिकामा.

बाबांची प्रतिक्रिया : 'तुझं मनगट वाकलं होतं.'

त्यांना दिवसभरात काही लागलं नाही. पाण्यातल्या दगडावर एक तपकिरी गोटीसारखा पक्षी, डिपर, सारखा बुडी मारून किडे काढत होता. बाबा म्हणाले, 'याला लायसन्स नाही, गाइड नाही, आणि याचा सकाळपासून तिसरा.'

रात्री ट्राउट खाल्ला, पण नदीतला नाही. नदीतले सगळे सोडले होते. हा शेततळ्यातला रेनबो ट्राउट, अंगावर गुलाबी पट्टा. काकूंनी मोहरीच्या तेलात तळून आणला. चव छान, पण आमच्या जिभेला जरा सौम्य. बाबांनी पुडी सोडली आणि वर जिरावण भुरभुरवलं. सरांनी एक घास चाखला, मग पुडी स्वतःकडे ओढली. काकूंनी 'इसमें क्या-क्या है' विचारलं, तेव्हा बाबांना नीट सांगता येईना. जिरं, धणे, हिंग, काळं मीठ, आमचूर, पुढे? आईला फोन लावला. आईनं मासे किती मिळाले ते विचारलं नाही, बाबा पाण्यात पडले का ते विचारलं. आम्ही दोघंही एकदम 'नाही' म्हणालो.

पाचवा दिवस : पाऊस

पहाटे तीनला पत्र्यावर पाऊस सुरू झाला. सकाळी नदी आलं घातलेल्या चहाच्या रंगाची. गढूळ पाण्यात माशाला माशी दिसतच नाही, त्यामुळे दिवस गेला. मी जरा चिडले होते, पैसे भरलेला दिवस वाया जाणं इंदूरच्या माणसाला सोसत नाही. जलोडी खिंडीला जाऊन बुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला बघू म्हटलं, तर वर बर्फ पडतंय असं कळलं.

दहाला सर स्वतःची पेटी घेऊन हजर. पेटीत गळ घट्ट धरून ठेवणारा छोटा व्हाइस, दोऱ्याची रिळं, पिसं. जेवणाच्या टेबलाचा कोपरा मोकळा केला गेला आणि मला एकदम आमचं घरच आठवलं.

बाबांनी पहिल्यांदा सगळ्या डब्या उघडून सरांपुढे ठेवल्या. माझे श्वास थांबलेले. सरांनी एकेक माशी चिमटीत धरून फिरवली, फुंकर मारून पिसं बघितली. बऱ्याच परत ठेवल्या. मोरपिसाचं अंग असलेली एक बाजूला काढली, जर गुंडाळलेली एक काढली. 'ये वाला तार कहाँ से लिया?' बाबांनी सांगितलं. साडीची किनार, महेश्वर, नर्मदा, आईची एक वीत, सगळं. सर खिडकीपाशी गेले आणि ढगाळ उजेडात ती माशी वळवून बघत राहिले. बाजारातली तार नव्यानं भडक चमकते, ही जुनी जर मंद चमकत होती, किड्याच्या ओल्या पोटासारखी.

मग दोघं दुपारपर्यंत बांधत बसले. पोट बारीक करायचं, दोरा कमी वेढ्यांत संपवायचा, पिसं अर्धीच ठेवायची. 'बाऊजी, मछली गिनती नहीं करती,' असं सर म्हणाले, तेव्हा बाबांनी सहावा वेढा उलगडून काढला.

सरांनी विचारलं, तुमच्या नर्मदेत कोणता मासा? बाबांनी महाशीराचं सांगितलं. लहानपणी महेश्वरच्या घाटावर पिठाच्या गोळीला उसळून यायचे, हाताच्या तळव्याएवढे खवले. 2011 साली मध्य प्रदेशानं त्याला राज्यमासा केलं. पण त्याला वाहतं पाणी लागतं, आणि धरणांमागे नर्मदेचं तळं झालंय. सर म्हणाले, इथेही वीज प्रकल्प येणार होते. बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब कोर्टापर्यंत लढले म्हणून तीर्थन मोकळी राहिली. ट्राउट तर मुळात इथला नव्हेच. हॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1909 साली काश्मीरहून अंडी आणवून कुलूत उबवली. बाबा म्हणाले, 'म्हणजे आमच्यासारखाच. आम्हीही होळकरांबरोबर आलो आणि इंदूरचे झालो.' सरांना होळकर माहीत नव्हते. मग अर्थातच व्याख्यान. मी तेवढ्यात लिंगडीची भाजी शिकायला स्वयंपाकघरात सटकले. नेच्याचे कोवळे, गोगलगाईसारखे वळलेले कोंब, लसूण घालून परतायचे.

सहावा दिवस : उधळ्या आणि कंजूष

पाऊस थांबला. पाणी अजून किंचित दुधी, पण चालण्यासारखं. आणि आता नवीनच अडचण. बाबा स्वतःची माशी लावायला तयार होईनात. सरांच्या माश्या लावून टाकत होते, त्या खुशाल तुटू देत होते, पण डबी उघडत नव्हते. काठाला सगळीकडे झाडं वाकलेली, माशी अडकली की गेली. अकरापर्यंत सरांनी धीर धरला. मग हात पुढे केला, 'बाऊजी, डब्बा।' ज्या आवाजात बाबा वर्गात वही मागत असतील, अगदी त्या आवाजात.

मोरपिसाची पहिली माशी तिसऱ्याच फेकीला झाडावर गेली. दुसरीही त्याच फांदीला. तिसरीनं शेजारची फांदी धरली. चौथी तळातल्या दगडात. पाचवी माझ्या जॅकेटच्या बाहीत घुसली, ती कापून काढावी लागली. बाबांचा चेहरा मला बघवेना. मग जरीची.

दुपारचे दीड वाजले असतील. मोठ्या दगडामागे पाणी संथ होतं तिथे माशी पडली. बरी पडली. चार वाजले नव्हते, फार तर तीन. ती तरंगत निघाली, ऊन तिरपं पडलं होतं, आणि पाण्याला एक बारीकशी टिचकी बसली. बाबांनी रॉड उचलला. मोठी लढत वगैरे काही झाली नाही. दोरीच्या टोकाला बाबांच्या करंगळीहून थोडासा लांब असा ट्राउट होता. बाजूला अजून पिल्लाच्या निळसर खुणा.

'फोटो, फोटो,' मी धावले. बाबांनी मान हलवली. 'पिल्लू आहे गं, किती वेळ बाहेर ठेवायचं?' त्यांनी हात भिजवला, चिमट्यानं गळ काढला. घड्याळातला स्प्रिंग काढताना श्वास रोखतात तसा रोखला होता. पिल्लू ओंजळीतून गेलं. माझ्याकडे फोटो आहे तो नुसत्या ओल्या ओंजळीचा, त्यात पाणी.

त्यानंतर बाबांनी रॉड सरांना देऊन टाकला आणि काठावर बसून उरलेली सेव संपवली. जरीची माशी पुन्हा डबीत, जरा विस्कटलेली.

परत

एकेचाळीसपैकी एकोणतीस माश्या घरी आल्या. तीन झाडावर, एक दगडात, आठ सरांना दिल्या. सरांनी बदल्यात स्वतःच्या दोन दिल्या आणि जिरावणाची उरलेली पुडी न मागता ठेवून घेतली. मालवा एक्स्प्रेस येताना तीन तास लेट होती, त्याबद्दल काय सांगायचं.

घरी पोचलो तेव्हा आईनं आधी बाबांना खांद्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग पिल्लाची हकीकत पूर्ण ऐकली, बाबांनी ती दोनदा सांगितली. आईनं डबी हातात घेतली, काचेतून त्या विस्कटलेल्या माशीकडे बघितलं आणि मग शेजारच्या डब्यांकडे. सगळीकडे जर चमकत होती. काही न बोलता ती आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. साडी पलंगावर उलगडली आणि तिनं किनारीवर अंगठा-करंगळी ताणून मोजायला सुरुवात केली. एक. दोन. अडीच.

बाबा तोवर ओले बूट वाळत घालायला गच्चीवर गेले होते.